आठ भागिले दोन, बाकी भांडण

रविवारी सकाळी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी कोडे टाकतो: ८ ÷ २(२ + २) = ? खाली आव्हान, 'फक्त हुशारांसाठी'. पोहे निवायच्या आत घरात दोन तट पडतात. काकांचे उत्तर १६. निवृत्त शिक्षिका असलेल्या आत्याचे १. मेहुणे स्वतःचे उत्तर न सांगता दोघांनाही वेड्यात काढतात.

हेच कोडे २०१९ च्या जुलैअखेरीस ट्विटरवर पेटले. कॉर्नेल विद्यापीठातले गणितज्ञ स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, पण एका लेखाने भागले नाही. दुसरा लिहावा लागला. २०११ मध्ये या कोड्याचे थोरले भावंड, ६ ÷ २(१ + २), असेच धुमाकूळ घालून गेले होते. तेव्हा सामना ९ विरुद्ध १ असा होता.

मराठी शाळेत शिकलेल्यांकडे यावर रामबाण उपाय असतो: कंचेभागुबेव. ऐकताना तळकोकणातले एसटीचा थांबा असलेले एखादे गाव वाटावे, पण आहे ते कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजी माध्यमवाल्यांचा 'बॉडमास' याच घराण्यातला. अमेरिकेतल्या 'पेमडास'मध्ये मात्र गुणाकार आधी, भागाकार नंतर. तरीही हिशेब दोन्ही देशांत सारखाच लागतो, कारण हे दोघे एकाच पंगतीला बसलेले आहेत आणि वाढपी डावीकडून येतो. बेरीज-वजाबाकीचेही तसेच. पंगतीची ही गोष्ट सूत्रात कुठेही नाही, आणि पाठ राहते ते सूत्रच. ते अक्षरशः पाळले तर १० − ३ + २ चे उत्तर ५ निघते, कारण 'बे' आधी आणि 'व' नंतर! प्रत्यक्षात दहातले तीन रुपये गेले आणि दोन परत आले, तर खिशात ९ असतात. खिशाला कंचेभागुबेव येत नाही, हे त्याचे नशीब.

खरी गंमत मात्र 'चे'मध्ये आहे. भागाकार-गुणाकाराच्या डोक्यावर षष्ठीचा प्रत्यय बसवणारे हे सूत्र व्याकरणाच्या सरांनी केले असावे, अशी शंका येते. १२ ÷ ६ चे १/२ यात आधी सहाचे अर्धे, म्हणजे ३, आणि मग १२ भागिले ३, उत्तर ४. त्याच 'चे'च्या जागी × लिहिले, की डावीकडून जात उत्तर १. षष्ठीचे नाते भागाकाराने तुटत नाही! आता २(२ + २) कडे पाहा. दोन आणि कंस यांच्यामध्ये चिन्हच नाही. आत्याला तिथे 'चे' ऐकू येतो, काकांना 'गुणिले'. भांडण अंकगणिताचे नाहीच, वाचनाचे आहे.

यंत्रे तरी निवाडा करतील म्हणावे, तर त्यांच्यातही भाऊबंदकी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८२ हा कॅल्क्युलेटर चिन्हाविना केलेला गुणाकार भागाकाराआधी उरकतो, म्हणजे तो आत्याच्या बाजूचा. त्यानंतर आलेला टीआय-८३ काकांना जाऊन मिळाला. एक्सेलमध्ये −२ चा वर्ग म्हणून =-२^२ लिहा, उत्तर ४. तेच पायथॉन या संगणकभाषेला विचारा, −४. दोघांनाही आपण चुकलो असे वाटत नाही.

मोठ्यांचेही कधी जमलेले नाही. गणितचिन्हांचा इतिहास लिहिणारे फ्लोरियन कॅजोरी यांनी १९२८ मध्येच नोंदवून ठेवले, की ÷ आणि × एकत्र आले तर आधी कोणते, यावर एकमत नाही. ÷ हे चिन्ह भागाकारासाठी प्रथम छापले योहान रान यांनी, १६५९ मध्ये. आता आंतरराष्ट्रीय मानक ८००००-२ म्हणते, ते वापरूच नका. चिन्हांचे असेच असते. आपल्याकडच्या बख्शाली हस्तलिखितात ऋण संख्येनंतर जे चिन्ह आहे, ते आजच्या अधिकासारखे दिसते. काकांनी ते पाहिले तर ग्रुप सोडतील.

या सगळ्यात शहाणा एकच, कोपऱ्यावरचा वाणी. २० रुपयांची कोथिंबीर आणि ३० रुपये किलोचे ३ किलो बटाटे हा हिशेब त्याच्या स्वस्तातल्या कॅल्क्युलेटरवर सरळ दाबत गेले, २० + ३ × ३०, तर ६९० येतात. ते यंत्र दाबले त्या क्रमाने चालते. वाणी तसे करत नाही. आधी ३ × ३०, मग 'एम प्लस', पुढे २०, पुन्हा 'एम प्लस', शेवटी 'एमआर'. ११० रुपये. कंस त्याच्या डोक्यात असतो.

तेव्हा पुढच्या रविवारी कोडे टाकणाऱ्याने जाता जाता कंसांची आणखी एक जोडी घालावी. (८ ÷ २)(२ + २) लिहिले तर काका खूश, ८ ÷ (२(२ + २)) लिहिले तर आत्या. मेहुण्यांचे काय करायचे ते घरच्यांनी बघावे.