गडग्यापलीकडची अंघोळ

"काय गो, सकाळपासून तुझा नवरा बादलीपाशी बसलाय. बांगडे आणले की काय?"

"बांगडे कसले काकू, कॅमेऱ्याच्या पेटीची अंघोळ चाललीय! पाण्यात न्यायची ती पेटी आधी रिकामीच बुडवायची, आत टिश्यू पेपर ठेवून. कागद कोरडा निघाला तर पेटी पास. तिच्या झाकणाला रबरी रिंग असते, तिच्यावर एक केस अडकला तरी पाणी आत शिरतं. म्हणून मला सध्या ओसरीवर वेणी घालायची बंदी."

"अगो बाई! आणि जातो कुठे, किल्ल्याकडे?"

"तिकडेच, पण अजून हात हलवत. शिकवणाऱ्यानं बजावलंय, आधी एका जागी तरंगायला शिका, कॅमेरा मग. हातपाय मारले की तळाची वाळू उठते, नाहीतर पोवळ्यावर पाय पडतो. १९८७ पासून मालवणचं ते सागरी अभयारण्य आहे, तिथं धसमुसळेपणा चालत नाही."

"तो तुझा भाचा गोप्रो घेऊन उतरला होता ना? त्याचे फोटो बघितले मी. सगळा निळा काला."

"निळेच येणार. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी जातो. पाचेक मीटर खाली माझी ही लाल साडी मातकट दिसेल."

"मग फ्लॅश मारायचा की."

"तिथंच तर गोम आहे! कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की पाण्यातला गाळच उजळतो, माशावर रवा सांडल्यासारखा. दिवा बाजूला हवा, लांब दांडीवर. आणि जायचं अगदी जवळ, हातभर अंतरावर. पाण्यात मासा असतो त्याहून मोठा आणि जवळ दिसतो, त्यामुळे नवशिक्याला वाटतं आपण पोचलोच. आता ह्यांना तो दिवा हवाय. किंमत ऐकून मी म्हटलं, आधी तरंगा. तर मला इतिहास ऐकवला! फ्रान्समधल्या लुई बुतां नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं म्हणे १८९३ साली पाण्याखाली फोटो काढले, उजेडासाठी पिंपावर मॅग्नेशियम जाळून. म्हटलं, पिंप आहे आपल्याकडे, न्या."

"बरं केलंस! पण रात्री तो किनाऱ्यावर काय करतो गो? लोक विचारतात मला."

"लोक म्हणजे तुम्हीच ना? थंडीत लाटा निळ्या पेटतात, त्यांचे फोटो काढतात. नॉक्टिल्युका म्हणतात त्या जिवाला, जेमतेम मिलिमीटरभराचा, एकाच पेशीचा. पाणी हललं की चमकतो. ह्याला मात्र खर्च नाही, घरातला ट्रायपॉड पुरतो. आयएसओ ३२००, शटर दहा-पंधरा सेकंद उघडं, फोकस हातानं. बोट लागलं तरी कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. मला विचाराल तर नव्या माणसानं इथूनच सुरुवात करावी. बुडायची भीती नाही की पेटीचा खर्च नाही."

"मग परवा पौर्णिमेला येते बघायला."

"चांदण्यात ती चमक फिकी पडते हो. अमावास्येला या. त्या हॉटेलवाल्यानं हॅलोजन लावून अर्धा किनारा घालवलाच आहे, निदान तुमच्या फाटकावरचा दिवा तेवढा त्या रात्री बंद ठेवा काकू."