सहा मिनिटांचे साहेब

विलायतेतला सॉलिसिटर निवडणुकीला उभा राहिला, की पत्रकावर एक वाक्य ठरलेलं: 'वीस वर्षं मी सामान्य माणसासाठी लढलो.' कुठे लढला? खरेदीखतात, मृत्युपत्रात आणि दोन शेजाऱ्यांमधल्या कुंपणात. वरच्या कोर्टात उभा राहतो तो बहुतेक वेळा बॅरिस्टर. साहेब कचेरीत बसून त्याला कागद पुरवतात. त्यालाही आमची हरकत नाही. हरकत आहे ती घड्याळाला.

या मंडळींचा तास दहा तुकड्यांचा. सहा मिनिटांचा एक तुकडा, त्याचं नाव युनिट, आणि अर्धामुर्धा तुकडा बहुधा पुरता धरायचा. तासाला दोनशे पौंड दर धरा. 'कागद आले का हो?' असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि साहेब 'नाही' म्हणाले, की झाले वीस पौंड. बोलता बोलता सातवं मिनिट लागलं, तर चाळीस. माझ्या भाचीचं तिकडे घरमालकाशी भांडण झालं, तेव्हाचं बिल मी डोळ्यांनी पाहिलंय. 'पक्षकारास फोन, निरोप ठेवला: एक युनिट.' निरोप काय, तर 'मला फोन करा.' तिनं केला. 'पक्षकाराचा फोन घेतला: एक युनिट.' पुढे बिलाचा हिशेब समजत नाही म्हणून तिनं पत्र पाठवलं, तर ते वाचल्याचंही एक युनिट! सोनार गुंजेत तोलतो, पण निदान सोनं तरी दाखवतो.

असा माणूस खासदार होऊन वेस्टमिन्स्टरला गेला म्हणून सवय थोडीच जाते? बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधानांना प्रश्न विचारायचा अर्धा तास असतो. पाच युनिटं. साहेब मागच्या बाकावरून आपल्या बाजूनं ओरडतात, आणि संध्याकाळी मतदारांना 'आज सभागृहात तुमचा आवाज उठवला' म्हणून कळवतात. पण खरी कमाल शुक्रवारची. काही शुक्रवारी खासदारांची खासगी विधेयकं येतात. साडेनवाला कामकाज सुरू, अडीचला बंद. अडीचपर्यंत कुणी बोलतच राहिला, तर विधेयकाचा बहुतेक निकाल लागलाच समजा. एका ओळीच्या पत्राचं अडीच पानी उत्तर लिहिण्यात ज्याची उमेद गेली, त्याला पाच तास म्हणजे काय मोठे? पन्नास युनिटं! उठायचं, चष्मा पुसायचा, 'सन्माननीय सदस्यांच्या मुद्द्याकडे वळण्यापूर्वी' म्हणायचं आणि त्या मुद्द्याकडे मरेपर्यंत वळायचं नाही. मध्ये कुणी हरकत घेतली, तर तिचे आभार मानायचे. आभारालाही वेळ लागतोच.

मतदान मात्र चटकन होतं. घंटा वाजते आणि आठ मिनिटांनी दारं लागतात. म्हणजे दोन युनिटं, वरची चार मिनिटं नफ्यात. हात वर करायचा नसतो. आपल्या बाजूच्या दालनातून नुसतं चालत जायचं. पूर्वी तिथे कारकून नाव टिपून घ्यायचा. अशाच एका मतदानाची गोष्ट. परवडत नसेल त्याला सरकारी खर्चानं वकील मिळावा, म्हणून १९४९ साली तिकडे कायदा झाला होता. २०१२ साली नवा कायदा करून त्यातला मोठा भाग कापला. १ एप्रिल २०१३ पासून बहुतेक घटस्फोट, मुलांच्या ताब्याचे बहुतेक खटले, कर्ज, बुडालेला पगार, भत्त्यांचे दावे या सगळ्यांतून ही मदत गेली. आणि 'सामान्य माणसासाठी लढलो' म्हणणारे सॉलिसिटरसाहेब त्या कायद्याच्या बाजूच्या दालनातून चालत गेले! युनिटाला किती पडतात हे ज्यांना आयुष्यभर पाठ होतं, तेच. वकिलाचा दर ठाऊक नसलेला एखादा मास्तर किंवा शेतकरी गेला असता, तर अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. यांना काय म्हणायचं? निर्लज्ज म्हणायचं, दुसरं काय!

आता शनिवारी मतदारांच्या भेटीला एखादी बाई येते. मालकानं पगार बुडवलाय, वकिलाला पैसे नाहीत. आठवड्यानं छापील शीर्षकाच्या कागदावर उत्तर जातं: खासदार या नात्यानं मला कायदेशीर सल्ला देता येत नाही, कृपया सॉलिसिटरला भेटावं.

तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सांगणं. तिथल्या वास्तव्याचे कागद नीट असतील, तर भारतीय पासपोर्टवरही तुम्हाला संसदेच्या निवडणुकीत मत आहे. मतदारयादीत नाव तेवढं घाला. आणि जुना खासदार पुन्हा दारात आला, की २०१२ च्या त्या कायद्यावर मत देताना तो कोणत्या दालनातून गेला ते विचारा. नावनिशीवार यादी छापलेली आहे आणि ती पाहायला एक पेनीही पडत नाही.