मेण काढण्याची गारखेडी पद्धत

मधपेट्या पाळणाऱ्याकडे लोक मध मागतात. ‘घरचाच ना?’ असे विचारून, बाटली उजेडात धरून, वर भाव करून मागतात. मेण कोणी मागत नाही. त्यामुळे जुन्या चौकटींतून मेण कसे काढावे, यावर गारखेडा परिसरात आजवर कोणी अधिकारवाणीने बोललेले नाही. ही उणीव प्रस्तुत लेखकाने सोळा चौकटी, दोन पातेली आणि मोरीचा पाइप खर्ची घालून दूर केली आहे.

आधी पात्रता. तुमच्याकडे मेलिफेरा माशीच्या चार-सहा पेट्या असाव्यात, त्या पैठण तालुक्यात मामांच्या मोसंबीत ठेवलेल्या असाव्यात आणि काळ्या पडलेल्या चौकटी ‘असू देत, लागतील’ म्हणून तुम्ही गच्चीवरच्या खोलीत पावसाळाभर रचून ठेवलेल्या असाव्यात. काळी चौकट ओळखण्याची खूण सोपी आहे. चौकट उन्हाकडे धरावी. पलीकडचा उजेड दिसला नाही तर तिचे आयुष्य संपले. पोळ्याच्या प्रत्येक घरातून एकेक माशी बाहेर पडते ती आपल्या कोषाचे अस्तर तिथेच सोडून. अशी अस्तरावर अस्तरे चढली की घर लहान होते, भिंती जाड होतात, रोगराई घर करते. दोन-तीन वर्षांनी पोळे बदलावे असे जाणकार सांगतात. आपण ते ऐकतो, मान डोलावतो आणि चौकटी गच्चीवर नेऊन ठेवतो.

दिवाळीची साफसफाई आली की ती खोली उघडावी लागते. उघडताच एक राखाडी पतंग तोंडावर येतो. हा मेणपतंग. त्याच्यावर चप्पल उगारण्यात अर्थ नाही. तो स्वतः काहीच खात नाही, जे खायचे ते त्याने अळीपणीच खाऊन ठेवलेले असते. चौकटीत पोळ्याच्या जागी रेशमी भुयारे, त्यांत मोहरीएवढ्या काळ्या लेंड्या, आणि फळीच्या कडेला ओळीने चिकटलेले पांढरे कोष. ते खरवडले की खाली लाकडात होडीच्या आकाराचे खड्डे सापडतात. कोष करायच्या आधी अळी लाकूडसुद्धा कोरून आपली गादी करून घेते. गादीच्या दुकानातही इतके मापात काम होत नाही.

अळी मारायची तर चौकट दोन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवावी, असे सगळी पुस्तके सांगतात. चौकट दीड फुटाहून लांब असते आणि घरच्या फ्रीझरमध्ये मटारसुद्धा दाटीवाटीने राहतात, हे कुठलेही पुस्तक सांगत नाही. मी आइस्क्रीमवाल्याला विचारून पाहिले. त्याने चौकट पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. पुढे तो विषय वाढवला नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे पाणी. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि पाण्यावर तरंगते. सारी विद्या एवढ्या दोन वाक्यांची आहे. पण पाणी मृदू हवे. जड पाण्यात उकळलेले मेण फुटते, करडे आणि भुसभुशीत होते, नासलेल्या दुधासारखे दिसते. आमच्या बोअरचे पाणी गिझरच्या कॉइलवर चुन्याची अंगरखी चढवते, त्यामुळे ते बाद. नळाचे पाणी गोड आहे, पार जायकवाडीहून येते, पण ते आपल्या मर्जीने येते. म्हणून मेण काढण्याचा मुहूर्त पंचांगात पाहू नये. गल्लीत कोणाच्या हातात पाइप दिसतो ते पाहावे. त्या दिवशी घरातल्या टाक्या, बादल्या, कळशा भरून झाल्यावर जे उरेल ते मेणाचे. काही उरत नाही. मी शेवटी वीस लिटरचा जार मागवला. जारवाल्या मुलाने तो गच्चीवर चढवला, पातेल्यात ओतताना पाहिला आणि विचारले, ‘‘काका, कोण पिणार हे?’’

बोअरच्याच पाण्यात करायचे असेल तर चमचाभर व्हिनेगर घालावे, बरेच निभावते. हे मला जार संपल्यावर कळले.

भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडात मेण काळवंडते, तांब्यात हिरवट होते. भांडे एकदा मेणाला दिले की मेणाचेच झाले. ते पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा प्रयत्न करू नये. ‘रुचिरा’त या कृतीला जागा नाही, ती का नाही हे भांडे घासताना समजते. पोळ्याचे तुकडे गोणपाटात बांधावेत, गाठोडे पाण्यात बुडवावे, वर स्वच्छ धोंडा ठेवावा आणि मंद आचेवर तापवत राहावे. खळखळून उकळू नये; तापमान ८५ अंशांच्या वर गेले की मेणाचा रंग उतरतो. मेण गोणपाटातून पाझरून वर येते, कोषांची अस्तरे आत राहतात. मात्र ती रिकाम्या हाताने राहत नाहीत. स्पंजासारखे बरेचसे मेण पिऊन बसतात, म्हणून गाठोडे पळीने दाबत राहावे लागते. पाण्याशिवाय नुसते मेण आचेवर कधीही ठेवू नये. ते पेट घेते, आणि पेटलेल्या मेणावर पाणी मारणाऱ्याचे काही खरे नसते. एवढे एक वाक्य विनोदात घेऊ नये.

‘इतका खटाटोप कशाला, ऊन काय कमी आहे?’ असे शेजारचे काका म्हणाले, आणि ते अगदीच चुकले नव्हते. वरून काच, आत काळा रंग, तिरपा पत्रा अशी पेटी एप्रिलच्या दुपारी गच्चीवर ठेवली की मधाच्या घरांवरची पांढरी झाकणे स्वतःहून वितळून सोन्यासारखी ओघळतात. पण काळ्या पोळ्याला ही पेटी पुरत नाही. त्यातले मेण बाहेर येण्याआधी अस्तरेच ते पिऊन टाकतात, आणि संध्याकाळी काच उघडली की काळा कडक पापड हाती लागतो.

वेळ रात्रीची धरावी. दिवसा वासावर आसपासच्या माश्या येतात, आणि त्या कोणाच्या हे विचारायची सोय नसते. रात्र म्हणजे काळोखी रात्र. आग्यामाशी चांदण्यातही उडते, तेव्हा पौर्णिमा टाळावी आणि गच्चीवरचा दिवा बंद ठेवावा. अजिंठ्याच्या लेण्यांत आग्यामोहळे लोंबतात. ती उठल्यावर माणूस कसा पळतो हे ज्याने पाहिले आहे, तो या सूचनेवर वाद घालणार नाही. अंधारात, विस्तवासमोर, तोंडाला फडके बांधून पातेले ढवळणारा इसम पाहून खालून काकांनी हाक मारलीच, ‘‘सर, सगळं ठीक आहे ना?’’

नंतर गॅस बंद करून पातेले जुन्या चादरीत गुंडाळावे आणि सकाळपर्यंत झाकण उघडू नये. मी रात्री तीनदा उघडले. सावकाश निवलेली वडी अखंड निघते. माझी भेगाळून फुटली. खाली चिकटलेला काळा गाळ खरवडून टाकावा. उरलेले कोमट पाणी झाडाच्या आळ्यात ओतावे, मोरीत नव्हे. मी मोरीत ओतले. त्यात पातळ पापुद्रा असतो, तो पाइपच्या वळणावर जाऊन निवांत थिजतो. प्लंबरने तार घालून लांब पिवळी नळी बाहेर ओढली, वास घेतला आणि म्हणाला, ‘‘साहब, ये मोमबत्ती पाइप में किसने बनाई?’’

चौकटींची सफाई त्यामानाने सोपी. पटाशीने राळ आणि मेण खरवडावे, खाचांतले कोष टोकदार खिळ्याने काढावेत, मग धुण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात चौकट बुडवून, ब्रशने घासून, धुऊन सावलीत वाळवावी. उन्हात ठेवली तर ती डमरू होते. हे सोड्याचे पाणी ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नये. सोडा ॲल्युमिनियम खातो. दुसरे पातेले असे गेले. चौकट रोगट पेटीतली असेल तर मात्र हे काही करत बसू नये, जाळून टाकावी. फाउलब्रूडचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. चांगल्या चौकटीची तार ताणून घ्यावी, नवा मेणपत्रा बसवावा, की ती पुन्हा मोसंबीत किंवा जालन्याकडे कांद्याच्या बीजोत्पादनात जायला मोकळी.

हे सगळे नीट शिकायचे असेल तर पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२पासून आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातले मांघर १६ मे २०२२ला देशातले पहिले ‘मधाचे गाव’ झाले. तिथल्या लोकांना मोरीच्या पाइपबद्दल विचारू नये.

हिशेब सांगतो. कामकरी माशीच्या पोटाखाली मेणग्रंथींच्या चार जोड्या असतात, त्यांतून अभ्रकाच्या कपच्यांसारखे पापुद्रे निघतात, आणि किलोभर मेणामागे सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असे मधपाळ धरून चालतात. मला किलोचा प्रश्नच आला नाही. मेणपतंगाचा वाटा वजा जाता सोळा चौकटींतून चारशे दहा ग्रॅम निघाले, वाण्याच्या तराजूवर, पिशवीसकट.

त्यातला सुपारीएवढा तुकडा आईला दिला. ती आता टिकली लावते, पण लग्नानंतर कितीतरी वर्षे आधी मेणाचे बोट आणि त्यावर पिंजर, असेच कुंकू लावत असे. मेणाची चपटी पितळी डबी अजून तिच्या कपाटात आहे. तिने तुकडा अंगठ्याने मळला, नाकाशी नेला, खिडकीपाशी जाऊन पाहिला.

‘‘कचकच आहे रे यात. परत एकदा गाळ.’’

नळाला पाणी शुक्रवारी आहे.