टाकीखालचा गृहस्थ

अमेरिकेतील जुन्या मोटरहोमचा मालक हा समाजशास्त्राने अद्याप पुरेसा न अभ्यासलेला वर्ग असून, त्याचे निरीक्षण करू इच्छिणाऱ्याने नजर जमिनीलगत ठेवणे आवश्यक ठरते, कारण या वर्गाचा गुडघ्यापासून खालचा भागच सामान्यतः दृष्टीस पडतो आणि उर्वरित भाग गाडीखाली असतो. मोटरहोम म्हणजे शेगडी, फ्रिज, संडास आणि झोपण्याची सोय इंजिनासह एकाच चेसिसवर बसवलेले वाहन. ते प्रवासासाठी घेतले जाते असा एक समज आहे. तो विशेषतः मालकांच्या पत्नींमध्ये आढळतो.

या वर्गातील कुलीन शाखा म्हणजे जनरल मोटर्सने 1973 ते 1978 या काळात मिशिगन राज्यात बांधलेल्या जीएमसी मोटरहोमचे मालक. अशा सुमारे 13 हजार गाड्या तयार झाल्या. त्यांना ओल्ड्समोबाइल टोरोनॅडो या मोटारीची, पुढची चाके फिरवणारी यंत्रणा दिली असल्याने मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट वगळता आला व गाडीचा तळ जमिनीच्या जवळ आणता आला. मात्र ज्या सोयीमुळे उंच माणूस गाडीत ताठ उभा राहू शकतो, तिच्याचमुळे गाडीखाली त्याला आपले नाक आणि पेट्रोलची टाकी यांत फारसे अंतर राखता येत नाही. लिटरमागे साडेतीन-चार किलोमीटर चालणारे हे वाहन बाजारात आले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले, हा योगायोग कंपनीला जाचला असला तरी आजच्या मालकाला जाचत नाही, कारण उभी गाडी पेट्रोल पीत नाही.

सव्वीस फुटी गाडीच्या तळाशी दोन टाक्या असतात, त्यांत मिळून सुमारे 190 लिटर पेट्रोल मावते, आणि हा सगळा भार चपट्या पोलादी पट्ट्यांवर व त्या आवळून धरणाऱ्या बोल्टांवर लटकलेला असतो. पट्टी टाकीवर घासू नये म्हणून दोहोंमध्ये रबराची चिंधी घालतात. मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकण्याची पद्धत असल्याने ते खारे पाणी त्या रबरात मुरते, आणि पट्टी बाहेरून रंगासकट शाबूत दिसत असताना आतल्या अंगाने गंजत जाते. मालक एके दिवशी तिला स्क्रूड्रायव्हरचे टोक सहज लावून पाहतो, आणि ते टोक आरपार जाते. सामान्य माणसाचा चेहरा अशा वेळी पडला असता. या गृहस्थाचा उजळतो.

यानंतरच्या तयारीत त्याची शास्त्रशुद्धता विलक्षण असते, आणि ती चेष्टेचा विषय करणे योग्य होणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत सरपटत दूरवरची ठिणगी गाठू शकते. मोटरहोममध्ये तर गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ज्योत टाकीपासून काही फुटांवरच तेवत असते. म्हणून तो प्रथम गॅसची टाकी बंद करतो, बॅटरीची ऋण तार सोडतो आणि पेट्रोल उपसून घेतो. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण भरलेले असते, हे तो शेजाऱ्याला आवर्जून सांगतो. शेजारी आपली मोटार हलवून पलीकडच्या गल्लीत लावतो.

खरा संघर्ष बोल्टाशी असतो. पन्नास वर्षे जाम झालेला नट सैल करण्याचा हमखास उपाय म्हणजे तो तापवणे, आणि तो तापवणे अशक्य आहे अशी जगातील मोजकी ठिकाणे धरली तर त्यांत पेट्रोलच्या टाकीखालची जागा अग्रभागी येईल. ग्राइंडरही ठिणग्यांमुळे वर्ज्य. मग तो गिअरबॉक्सचे तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळून केलेला घरगुती काढा नटावर सोडतो, आणि ॲसिटोन पेट्रोलइतकेच तत्परतेने पेट घेते ही गोष्ट त्या दिवसापुरती शेजाऱ्याला सांगत नाही. काढा मुरेपर्यंत तो चिंतन करतो. दुसऱ्या दिवशी पाना लावला की बोल्ट फिरतो खरा, पण डोके हातात येते आणि आटे आतच राहतात.

अखेर टाकी जॅकवरच्या फळीवर उतरते, आणि येथे या स्वभावाचा गाभा प्रकट होतो. एवीतेवी टाकी खाली आलीच आहे, तर तिच्या माथ्यावरच्या, एरवी हाताला न येणाऱ्या रबरी नळ्याही बदलाव्यात, कारण त्या इथेनॉल-मिश्रित पेट्रोलासाठी बनवलेल्याच नव्हत्या. एवीतेवी नळ्या निघाल्या, तर पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता काटा तपासावा. एवीतेवी चेसिस उघडी पडली, तर ती खरवडून रंगवावी. आणि एवीतेवी रंग आणायचाच आहे, तर दुसरी टाकीही उतरवावी. एका पट्टीपासून निघालेले काम अशा रीतीने संपूर्ण गाडीला वळसा घालते, आणि ऑगस्टची सहल पुढच्या जूनवर जाते.

नव्या बोल्टांच्या प्रश्नावर या वर्गात दोन संप्रदाय आहेत. स्टेनलेसवादी म्हणतात की गंजाचा वंशच खुंटवावा. प्रतवादी उत्तर देतात की डोक्यावर सहा रेघा असलेल्या, म्हणजे आठव्या प्रतीच्या पोलादी बोल्टाच्या तुलनेत सामान्य स्टेनलेसची ताणशक्ती बरीच कमी भरते, शिवाय स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर कोरडा आवळला तर आटे एकमेकांत रुतून कायमचे जखडतात. वास्तविक टाकी धरून ठेवायला दोन्ही पुरेसे आहेत. पण या निष्कर्षाने कोणाचीही संध्याकाळ सजत नाही, म्हणून तो मांडला जात नाही. काहींनी सुट्या भागांसाठी दुसरे मोडके मोटरहोमच आणून परसात उभे केलेले असते, आणि त्याची पट्टी काढायला गेल्यावर त्याचेही बोल्ट जाम असल्याचे आढळते. तेव्हा ती टाकी उतरवणेही ओघाने आलेच.

या गृहस्थाच्या पत्नीकडे अभ्यासकांनी दुर्लक्ष केले, हे मात्र अक्षम्य आहे. ती बोल्टांच्या वादात पडत नाही. नकाशा घडी करून ठेवते आणि वाट पाहते. पट्ट्या चढल्या, नट आवळले गेले आणि पूर्ण भारात त्या टिकतात का हे पाहण्यासाठी पंपापर्यंत जाऊन येण्याचे ठरले, की ती शेजारच्या आसनावर येऊन बसते आणि अर्ध्या टाकीने अशी परीक्षा होत नसते, असे शास्त्रीय मत नोंदवते. हे मत बिनतोड असल्याने दोन्ही टाक्या तोंडापर्यंत भरल्या जातात. परतताना त्याच्या मनात येते की मागच्या पट्टीखालचा वायसर जरा जाड हवा होता, आणि एवीतेवी घरी जातोच आहोत तर टाकी पुन्हा एकदा उतरवावी. पण आता पोटात 190 लिटर आहे, उपसून ठेवायला एवढे डबे नाहीत, आणि एवढे पेट्रोल संपवण्याचा गाडीला अवगत असलेला एकमेव मार्ग सुमारे 700 किलोमीटर लांब आहे. पत्नीने तेवढ्यात नकाशा उघडलेला असतो.