एका दिवसाची सॅक

एका दिवसाच्या ट्रेकला काय न्यायचं, याची लीडरने व्हॉट्सॲपवर टाकलेली यादी आता सगळ्यांना पाठ आहे: तीन लिटर पाणी, कोरडा खाऊ, टॉर्च, टोपी, कपड्यांचा जोड, स्वतःची औषधं, ओळखपत्र. (ओळखपत्र कशाला, असं घरच्यांनी विचारलं तर रेल्वेत लागतं म्हणावं.) यादी उत्तम आहे. दोष एकच, पंधरा मिनिटांत भरून होते आणि सॅक अर्धी रिकामी राहते. माझी सॅक पन्नास लिटरची आहे.

पन्नासची का, तर दुकानातल्या आरशासमोर वीसची लावली तेव्हा शिकवणीला निघालेला पोक्त विद्यार्थी दिसला. पन्नासची लावली, आणि आरशात गिर्यारोहक उभा! वास्तविक आपली कळसूबाई महाराष्ट्रात सगळ्यात उंच, ती १६४६ मीटर. एव्हरेस्ट ८८४९. म्हणजे पाचवा हिस्साही भरत नाही, शिवाय अवघड जागी लोखंडी शिड्या. तरी माझ्या सॅकला बाहेरून दोन कॅराबिनर लटकत असतात. एकाला टोपी अडकवतो, आणि दुसऱ्याला पहिला. रात्रीच्या कसारा लोकलमध्ये ते किणकिणले की पेंगणारे चार जण डोळे उघडून बघतात. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

होकायंत्रही असतं. बारी गावातून वर जाणारी वाट इतकी मळलेली आहे की सुटीच्या दिवशी पुढच्याच्या टाचा बघत चाललं तरी माणूस देवळापाशी पोचतो. त्या टाचा कुठल्या दिशेला चालल्यात, एवढं मला होकायंत्रावरून कळतं.

पलंगावरचा पसारा बघून बायको विचारते, "अहो, परत कधी येणार?"

"रात्री जेवायला."

"तुम्ही याल हो. हे सामान तिकडेच राहणार आहे का?"

खाऊच्या बाबतीत मात्र मी चेष्टा खपवून घेत नाही. सँडविच हा डोंगरावर न्यायचा पदार्थच नव्हे. नऊ वाजेपर्यंत टोमॅटो पावात मुरतो, दहाला पाव काकडीला चिकटतो, आणि अकराला डब्यातून जे निघतं ते चमच्याने खावं लागतं. पुरीभाजीतली भाजी उन्हाने आंबते. ठेपल्याला माझा विरोध नाही, पण तो आता इतका जगभर हिंडलाय की त्याला विमानच शोभतं. डोंगराला दशमी. पीठ दुधात भिजवायचं, पाण्याचा थेंब नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि बिघडत नाही. भाजल्यावर एकावर एक रचायची नाही, फडक्यावर पसरून पूर्ण गार करायची. आजी तर डब्याला हातच लावू द्यायची नाही. डब्यात वाफ धरते, म्हणायची, आणि धोतराच्या धुवट फडक्यात बांधून द्यायची. सोबत शेंगदाण्याची चटणी, लसूण सढळ. हे सगळं मी एकदा एनर्जी बार खाणाऱ्या एका तरुणाला शिडीखालच्या सावलीत समजावून सांगितलं. बार म्हणजे चिक्कीच, फक्त कागदावर प्रथिनं छापलेली, हेही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, बार संपवला आणि माझ्या चारांतल्या तीन दशम्या खाल्ल्या. हा मी वैचारिक विजय समजतो.

एवढं भरलं की सॅक उचलत नाही. काहीतरी काढणं भाग असतं. कॅराबिनर दिसतात, तेव्हा ते राहतात. दशम्यांना हात लावायचा नाही. निघते ती पाण्याची तिसरी बाटली. कंपन्यांनी तंबू हलका केला, बूट हलके केले, स्टोव्ह तळहातावर आणला. पाणी मात्र अजून लिटरला किलोच भरतं. शिवाय फोटोत त्याचा काही रुबाब नाही. वर सरबत मिळतंच की, म्हणत आपण बाटली ओट्यावर ठेवून निघतो.

मिळतं, कारण कुणीतरी ते वर चढवलेलं असतं. डोक्यावर पाण्याची कळशी, काखेत लिंबांची पिशवी, पायात झिजलेल्या स्लिपर, आणि शिडीवर एक हात कठड्याला, एक कळशीला. आपण घरी ठेवलेला किलो त्या मावशीच्या डोक्यावर गेलेला असतो. आणि तिच्यासमोर आपल्यातलाच कुणी भारी बूटवाला घासाघीस करतो, "वीस रुपये? खाली दहाला मिळतं!"

"मग खालीच प्यायचं ना, बाबा," ती म्हणते आणि लिंबू पिळत राहते.

मला आधी हसू येतं, मग राग. पाणी कुणी वर आणलं हे डोळ्यांसमोर दिसत असताना दहा रुपयांसाठी वाद घालायचा, वर तो ग्लास कारवीत भिरकावायचा, याला काटकसर म्हणत नाहीत, कोडगेपणा म्हणतात.

नवरात्रात कळसूबाईची जत्रा भरते. त्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतल्या बायका वर येतात त्या ओटीचं सामान घेऊन: नारळ, खण, हळदकुंकू. आणि पदराच्या गाठीला पैसे. आपल्या यादीत ती गाठ राहून गेली आहे, तेवढी घाला. डोंगरात मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. तेव्हा दहा-वीसच्या नोटा सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, आणि मावशीपुढे पाचशेची नोट धरू नका. सकाळी नऊला, त्या उंचीवर, तिने ती मोडायची कुठे?