द्यायचाय, पण घाई नाही

विक्रीकर कॅमेरा विकतायत, ही ठाण्यात आता बातमी राहिलेली नाही. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. विक्रीकर हे आमच्या फोटोवेड्या टोळक्याने ठेवलेलं. सरकारचा विक्रीकर २०१७ साली जीएसटीत विरघळून गेला. आमचे अजून लागू आहेत.

असा एक माणूस प्रत्येक गावच्या फोटोवाल्यांत असतोच. पुण्यात तर दोन आहेत आणि दुसऱ्याचा कॅमेरा भंगारात काढण्याच्या लायकीचा आहे, यावर दोघांचंही एकमत आहे. आम्ही मात्र आमचाच नमुना अस्सल मानतो, कारण विक्रीकरांइतकी विक्रीची तयारी करून विक्री टाळणारा दुसरा आम्ही पाहिलेला नाही.

माल म्हणाल तर एक निकॉन डी९०, त्याच्याबरोबरच आलेली १८-१०५ची लेन्स आणि मागाहून घेतलेली ५०ची. २०१०मध्ये बँकेच्या वेतनकराराची थकबाकी हातात आली आणि ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, विक्रीकरांनी साठ हजारांच्या वर मोजून हा कॅमेरा घेतला. व्हिडिओ काढणारा जगातला पहिला डीएसएलआर तो हाच, २००८चा, हे वाक्य गिऱ्हाईक दारात चपला काढत असतानाच त्याच्या कानावर घातलं जातं. त्या व्हिडिओत ऑटोफोकस चालत नाही आणि एचडीत पाच मिनिटं झाली की चित्रण आपोआप थांबतं, हे गिऱ्हाइकाला स्वतः शोधून काढावं लागतं.

एक गोष्ट मात्र त्या घरात कोणी काढत नाही. गणपती बसले आणि त्याच सप्टेंबरात निकॉनने डी७००० जाहीर केला. बाराच्या जागी सोळा मेगापिक्सेल, फुल एचडी, व्हिडिओत ऑटोफोकससुद्धा. कॅमेरा घेऊन जेमतेम महिना होत होता. वहिनी सांगतात, त्या दिवशी हे ऑफिसातून आले आणि चहा न घेता थेट गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढे कोणी डी७०००चा विषय काढलाच तर विक्रीकर एवढंच म्हणत, "हो, आहे तसा एक."

विकायचं ठरलं ते २०१८मध्ये. निकॉनने मिररलेससाठी झेड माउंट आणला आणि १९५९पासून चालत आलेला एफ माउंट वळचणीला गेला. गुडघ्यांनीही त्याच सुमारास तक्रार सुरू केली होती. "आता हे ओझं नको. योग्य माणूस मिळाला की देऊन टाकू. घाई नाही," असं विक्रीकर म्हणाले. या तीन वाक्यांतलं फक्त तिसरं खरं होतं, हे कळायला आम्हाला काही वर्षं लागली.

जुना कॅमेरा कुठे विकावा, या विषयात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. बॉडीचा भाव पडतो, चांगल्या लेन्सचा टिकतो, म्हणून दोन्ही वेगवेगळं विका. दुकानदाराला खोका, बिल आणि मूळ चार्जर दाखवल्याशिवाय आकडा विचारू नका. शटर किती वेळा उडालंय ते विचारणाऱ्याला फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, त्यात फाइलमधली माहिती गळून जाते. मेलने मूळ फाइल पाठवा. त्यांच्या या सल्ल्यावर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी आपापलं सामान विकून पैसे खिशात घातले. एकाने तर डी७०००च विकला, तोही चांगल्या भावाने. विक्रीकरांनी त्याचं अभिनंदन केलं आणि आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत.

त्यांचा स्वतःचा संच बघाल तर संग्रहालयाने हेवा करावा. मूळ खोका, खोक्यातली थर्मोकोलची खाच, पट्ट्याला गुंडाळून आलेली तार, बिल आणि बिल पुसट होईल म्हणून त्याच्या तीन झेरॉक्स. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागू नये म्हणून सगळा ऐवज हवाबंद डब्यात. हा डबा मूळचा बेसनाच्या लाडवांचा. आत सिलिका जेलचे निळे खडे. दमट हवेने ते गुलाबी झाले की विक्रीकर ते तव्यावर भाजून पुन्हा निळे करतात. त्या तव्यावर पुढे आठवडाभर पोळी करायची नाही, असा वहिनींचा नियम आहे. ठाण्याच्या खाडीवरच्या पावसात पंधरा वर्षं एक ठिपकासुद्धा न लागलेली लेन्स मी तरी दुसरी पाहिलेली नाही. शटर एक लाखाचं. उडालंय एकतीस हजार वेळा. त्यातले निम्मे ऐरोलीचे फ्लेमिंगो, उरलेली नातेवाइकांची लग्नं.

हे सगळं पाठीवर घेऊन ते एकदा बोरा बाजारात गेले. सोबतीला मी होतो. सीएसएमटीला उतरून फोर्टातल्या त्या गल्लीत शिरलं की जुन्या कॅमेऱ्यांची काचेची कपाटं सुरू होतात आणि विक्रीकरांची चाल मंदावते. प्रत्येक कपाटात त्यांना डी९० दिसत होते. एका दुकानदाराने लेन्स हातात घेतली, मोबाइलची बॅटरी लावून आरपार पाहिलं, बॉडीचं झाकण काढून आत फुंकर मारली आणि म्हणाला, "काका, चीज एकदम साफ रखी है." विक्रीकरांचा चेहरा उजळला. "लेकिन बॉडी का आजकल कुछ नहीं मिलता. सब मिलाके नौ हजार."

"बिल पाहिलंत का?" विक्रीकरांनी विचारलं.

"देखा ना."

"साठ हजारांच्या वर आहे."

"वो तो उस टाइम का है, काका. उसके बाद तुरंत डी सेवन थाउजंड आ गया था."

त्या माणसाची काही चूक नव्हती. तो घेणार, साफसूफ करणार, विकताना महिनाभराची हमी देणार, फोर्टातलं भाडं भरणार आणि गिऱ्हाईक येईपर्यंत ते नऊ हजार कपाटात अडकून पडणार. माझ्या मते आकडा रास्त होता, आणि मी तसं म्हणालोही. मला उत्तर मिळालं नाही. घाटकोपर गेल्यावर विक्रीकर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुरंत नाही. सप्टेंबर." त्यानंतर त्या गल्लीचं नाव नाही.

नव्या कॅमेऱ्याच्या दुकानात एक्स्चेंज मिळतो, पण त्यासाठी नवा घ्यावा लागतो. नवा घेतला की महिन्याभरात काय येईल, याची विक्रीकरांना खात्री आहे. नातेवाइकांत द्यायचा तर भाचा लग्नाचे फोटो काढतो. पण उद्या फ्लॅश बिघडला तर पुढची वीस वर्षं दर गणपतीत तो किस्सा ऐकावा लागेल, म्हणून तेही बाद.

राहिली ओएलएक्सची जाहिरात. ती विक्रीकरांनी मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणाइतकी लांब लिहिली. आलेले प्रतिसाद मात्र एका शब्दाचे. "अवेलेबल?" "लास्ट?" एकाने जुनी स्कूटर देऊ केली. एक मुलगा नुसती ५०ची लेन्स घ्यायला मुलुंडहून आला. त्याच्याकडे डी३२०० होता. विक्रीकरांनी त्याला बसवलं, पोहे दिले आणि समजावून सांगितलं की तुझ्या बॉडीत फोकसची मोटर नाही, ही जुन्या पद्धतीची लेन्स तुला सतत हाताने फिरवावी लागेल, तू ही घेऊ नकोस. मुलगा पैसे मोजायला लागला होता, ते परत पाकिटात गेले. माणूस प्रामाणिक आहे, यात वादच नाही. पण प्रामाणिकपणाची इतकी सोय झालेली मी क्वचित पाहिली आहे.

आणि मग तो फौजी आला. म्हणजे फोन आला. "सर, मैं आर्मी में हूँ, पोस्टिंग पे हूँ, कॅमेरा मेरा आदमी ले जाएगा, आप क्यूआर कोड स्कॅन करो, पैसा अभी आ जाएगा." विक्रीकरांनी तीस हजार सांगितले. तो तीस हजारांना कबूल झाला. विक्रीकर क्षणभर गप्प बसले, असं वहिनी सांगतात. मग त्यांच्यातला बँक अधिकारी जागा झाला. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन तर नाहीच नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. हे त्यांनी त्या भामट्याला शाखेत नव्याने रुजू झालेल्या कारकुनाला समजवावं तसं पाऊण तास समजावून सांगितलं. शेवटी त्यानेच फोन ठेवला. हा किस्सा विक्रीकर रंगवून सांगतात, पण शेवटी आवाज थोडा खाली येतो. "चोर होता हे कबूल. पण तीस म्हटल्यावर घासाघीस केली नाही हो त्याने."

गेल्या दिवाळीत पुतणी राहायला आली होती. टीव्हीखालच्या खणात तिला वहिनींचा जुना सोनीचा सायबरशॉट सापडला. खोका नाही, बिल नाही, मनगटाची दोरी तुटलेली. तिने इन्स्टाग्रामवर त्याचा एक फोटो टाकला आणि संध्याकाळपर्यंत कॉलेजातल्या कोणीतरी तो येऊन नेलाही. या मुलांना जुन्या सीसीडी सेन्सरचे रंग हवे असतात म्हणे, मोबाइलसारखे गुळगुळीत नसलेले. विक्रीकरांनी आशेने डबा उघडला. पुतणीने मॉडेल बघितलं, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "काका, याच्यात सीमॉस आहे. याच्या आधीच्या डी८०मध्ये सीसीडी होता. तो असता तर गेला असता." डी८० जुना झाला म्हणूनच विक्रीकरांनी डी९० घेतला होता. म्हणजे आधीचा घेतला असता तरी बरं, नंतरचा घेतला असता तरी बरं. त्या दिवशी वहिनींनी न मागता चहा केला. सायबरशॉटचे पैसे त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये ठेवले आणि कोणाला आकडा सांगितला नाही.

तर, हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला शिकायला एखादा चांगला सांभाळलेला कॅमेरा हवा असेल, तर ठाण्यात जरूर या. दोन्ही लेन्स स्वच्छ आहेत, बॅटरी टिकते, पोहे उत्तम मिळतात. तीस हजार देऊ नका, तेवढी त्याची किंमत नाही. दहा सांगा. फक्त आकडा काढण्याआधी, कॅमेरा हातात धरून, सहज बोलल्यासारखं एवढं म्हणा, की २०१०च्या ऑगस्टमध्ये कोणीही शहाण्या माणसाने हाच घेतला असता. मला वाटतं, आठालासुद्धा मिळेल.