मास्तरांचं व्हायोलिन रंगवलं म्हणे!

अहो, ऐकलंत का? या ना अशा कुंपणाजवळ. जपून, तिकडे कुरड्या वाळताहेत. हळूच सांगते, कारण पलीकडच्या खिडकीला कान आहेत आणि त्या कानांत नवे टॉप्स आहेत. कोणाचे ते मी बोलणार नाही. तर मास्तरांचं व्हायोलिन… हो, तेच, पुढच्या खोलीत खुंटीला टांगलेलं. ते सुनेनं रंगवलं! थोडंथोडकं नाही हो, पार मानेपासून बुडापर्यंत गेरूचा रंग आणि त्यावर पांढऱ्या वारली बाया हातात हात घालून फेर धरताहेत. मधोमध तो तारपा वाजवणारा. मी डोळ्यांनी पाहून आले म्हणून सांगते, नाहीतर माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, ऐकीव गोष्ट मी कधी पुढे ढकलत नाही.

मास्तर आठवतात ना? दिवेलागणीला ओट्यावर मांडी घालून बसायचे, व्हायोलिनचं ते वळलेलं टोक घोट्यावर टेकवायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. अहो, आपल्या नांदगाव खंडेश्वरात वाद्य म्हणजे भजनातली पेटी, टाळ-मृदंग, नाहीतर खंजिरी. राष्ट्रसंतांची मोझरी आपल्याच जिल्ह्यातली, मग खंजिरी असणारच. त्यात या एकट्या माणसाचं व्हायोलिन. पोट्टे हसायचे. पण प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ रेडिओवर लागलं की मास्तर कोणाशी बोलायचे नाहीत. चहा गार झाला तरी. जोगही गेले हो, 2023 मध्ये. बाबूजींच्या गीतरामायणात साथ केलेला माणूस…

तर काय सांगत होते? हां, सून. परतवाड्याची. एटीडी झालेली आहे, म्हणजे चित्रकलेची मास्तरीणच की. हाताला कला आहे पोरीच्या, नाही म्हणू नये. गुढीपाडव्याच्या साफसफाईत तिनं ते खाली काढलं. तारा लोंबत होत्या, एक तुटून गोल वळलेली. आणि हलवलं की आत खुडखुड, खुडखुड! झालं, घरात चर्चा सुरू. कोणी म्हणे उंदीर मेला असेल. कोणी म्हणे पालीची अंडी. थोरल्या जाऊबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, “मामंजींनी आत काही जिन्नस तर नसंल ठेवला?” बघा, लोकांच्या मनात काय काय येतं. मास्तरांच्या घरच्या आजी मात्र पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “मास्तरासंगच मेलं असन थे. आता कोण वाजोते त्याले?” एवढं वाक्य सुनेनं परवानगी समजून घेतलं.

आता तिचंही अगदीच चुकलं असं नाही. मोबाईलवर तिनं मला दाखवलं, अमेरिकेत म्हणे मोठमोठे वाद्यवृंद असतात, ते मोडकी व्हायोलिनं गावातल्या चित्रकारांना वाटतात, रंगवून घेतात आणि लिलावात विकून पैसा उभा करतात. कोणी फुलं काढतं, कोणी काचा चिकटवतं, कोणी त्याचं घड्याळ करतं. आणि एक फ्रान्सचा आर्मान म्हणून होता, नीस गावचा. तो तर व्हायोलिनं उभी चिरायचा, आपटायचा, जाळायचा आणि ते तुकडे चिकटवून म्युझियममध्ये ठेवायचे! हे ऐकून आजींनी कानावर हात ठेवले. “जाळते? सरस्वतीले जाळते मेला?” मीही म्हटलं, बाई गं, त्यापेक्षा आपली वारली बरी.

वारली पण बरं का, साधीसुधी कला नव्हे. डहाणू-पालघरकडच्या बायका लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या, त्यातून आलेली. जिव्या सोमा म्हसेंना पद्मश्री मिळाली 2011 साली. आणि तो तारपा, ज्याच्याभोवती सगळे नाचतात, तोही भोपळ्याचं वाद्यच. म्हणजे वाद्यावर वाद्य. सुचलं तर खरं पोरीला.

तर चैत्रगौरीचं हळदीकुंकू. गौरीच्या मागे भिंतीवर व्हायोलिन टांगलेलं, खाली फोकस लाइट. आंब्याची डाळ कोणाच्या लक्षात राहिली नाही हो! सगळ्याजणी मान वर करून. “अय्या, किती युनिक!” वगैरे. आणि इतक्यात आले नागपूरचे जावई. तुम्ही ओळखता त्यांना, ज्यांना सगळंच माहीत असतं ते. त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावला आणि व्हायोलिनच्या त्या नागमोडी फटीतून आत डोळा घातला. आत जुना कागद चिकटवलेला. त्यांनी एकेक अक्षर वाचलं… ‘अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस’.

वाटीतला चमचा वाटीत राहिला.

जावई म्हणाले, हा इटलीतल्या क्रेमोना गावचा कारागीर, 1737 मध्ये वारला. हजाराच्या वर वाद्यं केली, त्यातली साडेसहाशेच्या आसपास उरलीत जगात. त्याचं ‘लेडी ब्लंट’ नावाचं 1721 चं व्हायोलिन 2011 मध्ये विकलं गेलं 1 कोटी 59 लाख डॉलरला. जपानच्या त्सुनामीग्रस्तांसाठी दिले ते पैसे. आपल्या रुपयात, त्या वेळच्या भावानं, सत्तर कोटींच्या वर! अहो, काय सांगू त्या खोलीतली शांतता. थोरल्यांनी आजवर कधी त्या खुंटीकडे बघितलं नव्हतं, ते चटकन उठले आणि म्हणाले, “बाबा मलाच देतो म्हणाले होते ते.” जाऊबाईंनी लगेच मान डोलावली, जणू त्या साक्षीलाच होत्या. आणि सून? तिच्या हातातला पन्ह्याचा तांब्या तसाच तिरका. सत्तर कोटींवर आपण गेरू फासला, हे तिच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता येत होतं.

मग जावयांनी टॉर्च जरा खाली केला. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘मेड इन जर्मनी’.

आता इटलीचा माणूस जर्मनीत कधी बसला व्हायोलिन करायला? जर्मनीतल्या कारखान्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी असली व्हायोलिनं ढिगानं काढली आणि कित्येकांत त्या बिचाऱ्याच्या नावाचा कागद चिकटवून दिला. अमेरिकेनं 1890 च्या कायद्यानं मालावर देशाचं नाव टाकायला लावलं, तेव्हापासून खाली ती ओळ आली म्हणे. थोरले हळूच खाली बसले. “तसं मला कुठं वाजवता येतं,” असंही म्हणाले. मी हसले नाही हो. पदर तोंडाला लावला होता, एवढंच.

इथं संपलं असतं तर बरं होतं. पण थोरल्यांच्या मनातून जाईना. चार दिवसांनी अमरावतीहून वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला घेऊन आले. मी सहज विरजण मागायला गेले होते, म्हणून मला कळलं. त्यानं व्हायोलिन कानाशी धरलं, हलवलं, खुडखुड ऐकली आणि हसला. म्हणाला, “अजी, हे मेलेलं नाही. आतली काडी पडली आहे फक्त.”

ऐका आता नीट. व्हायोलिनच्या पोटात, घोडीच्या एका पायाखाली, पेन्सिलीएवढी लाकडाची काडी उभी असते. वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये. तिला डिंक नाही, खिळा नाही, नुसती दाबून बसवलेली. तारांचा ताण गेला की पडू शकते. वाकडं लोखंडी हत्यार फटीतून आत घालून ती परत उभी करतात. तारा नव्या चढवल्या, कमानीचे केस बदलले की वाजलं असतं. वाजलं असतं! हे शब्द त्यानं उच्चारले आणि आजींचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं विरजण राहू दे, उठून जावं. पण गेले नाही.

सून रडवेली होऊन म्हणाली, “मग आता लावा ना काडी.” कारागीर म्हणाला, लावतो, पण पोटावरची फळी रंगवायला नको होती. तीच थरथरते, तिच्यातूनच सूर निघतो. जाड रंग बसला की आवाज दबतो. खरवडावं तर खालचं जुनं व्हार्निशही जाईल. “सजवायला मनाई नाही बाई,” म्हणाला, “कुठं सजवायचं ते बघावं लागते.”

आणि हे अगदी खरं निघालं. जावयांनी फोनवरून लगेच पुरावे पाठवले, त्यांना काय, निमित्तच हवं. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजासाठी आंद्रेआ अमातीनं केलेलं 1564 चं व्हायोलिन ऑक्सफर्डच्या म्युझियममध्ये आहे. राजचिन्हं, सोन्याचा रंग, सगळा थाट आहे. पण पाठीवर आणि बाजूच्या पट्ट्यांवर. पोट मोकळं. त्या स्ट्रॅडिव्हेरियसनंसुद्धा 1679 मध्ये ‘हेलियर’ म्हणून एक नक्षीदार केलं. वेली बाजूच्या पट्ट्यांवर, हस्तिदंताची नक्षी कडेकडेनं. मधे हात नाही लावला.

लांब कशाला जाता? आजींची बहीण मिरजेला असते. तिकडे फरीदसाहेब सितारमेकरांपासून हे काम चालत आलंय, मुळात हत्यारांना धार लावणारं घराणं. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पानं कोरतात, दांडीला पट्ट्या बसवतात, पूर्वी हस्तिदंत असे, आता प्लॅस्टिक. पण तबली, म्हणजे वरची फळी? तिच्यावर कडेनं काय असेल ती वेल, बाकी साफ. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. आणि पुण्यात केळकर संग्रहालयात बघा, मोराच्या आकाराचं वाद्य आहे. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून जमवलं सगळं आणि 1975 मध्ये सरकारला देऊन टाकलं. मोर झाला तरी तारा होत्याच ना त्याला?

तर काय सांगत होते… हां, भांडण. आजींनी दोन दिवस सुनेशी अबोला धरला. “माह्या मालकाच्या वाद्याले रंग फासला,” हेच पालुपद. मला सुनेची दयाही आली आणि राहवेना. म्हटलं, “काकू, रागावू नका, पण दर खंडेनवमीला त्या व्हायोलिनला हळदकुंकवाची बोटं कोण ओढत होतं? नेमकी त्याच पोटावरच्या फळीवर? वर पाण्याचा हात, अक्षता, गेल्या वर्षी तर गंधाचं स्वस्तिक! सुनेच्या गेरूखाली तुमचंच कुंकू आहे.” आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “तुले कोणी विचारलं व?” पण बाई, संध्याकाळी सुनेला स्वतः चहा करून दिला. मी पाहिलं, मागच्या दारातून.

माझं म्हणाल तर स्पष्ट सांगते. ज्याची मान तुटली, फळी उकलली, त्याला वारली काढा, आरसे लावा, खुशाल दिवा करा त्याचा. पण आधी एखाद्या जाणत्याला दाखवा. आणि मास्तर गेल्यावर इतक्या वर्षांत एकानंही त्या व्हायोलिनच्या तारा पिळल्या नाहीत, थोरल्यांनीही नाही, जावयांनीही नाही, तेव्हा सगळा दोष एकट्या सुनेच्या माथी मारायचा हे काही मला पटत नाही. तिनं निदान ते खुंटीवरून खाली तरी काढलं.

शेवट काय झाला विचाराल तर, कारागीर काडी बसवून गेला. तारा चढवल्या. आवाज येतो, जरा सर्दी झाल्यासारखा, पण येतो. सहावी-सातवीतला नातू आता त्यावर सा लावून बसतो, तुम्हालाही ऐकू येत असेलच दुपारी. सुनेनं फोटो टाकला होता ना, तिला यवतमाळहून दोन आणि अकोल्याहून एक ऑर्डर आली आहे. या वेळी म्हणे पाठीवरच काढणार. फक्त तिच्याकडे आता जुनी वाद्यं नाहीत आणि ती दारोदार विचारत फिरते आहे. तुमच्या माळ्यावर सासऱ्यांचा दिलरुबा आहे ना? आजच खाली काढून कुलपात ठेवा. आणि हे मी सांगितलं असं कुठं बोलू नका.